दुरुस्त करू नये

नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला एक इमारत आहे. खाली मासळीची मंडई, वर कॉलेज. कॉलेज सरकारी आहे, छोटं आहे आणि त्याचं पूर्ण नाव एवढं लांब आहे की रंगाऱ्याने ते बोर्डावर दोन ओळींत बसवूनही शेवटचा शब्द भिंतीवर गेला. म्हणून सगळे त्याला नुसतं ‘कम्युनिटी’ म्हणतात. तिथे तीन कोर्स चालतात: फ्रिज-एसी दुरुस्ती, बेकरी आणि शिवणकाम. शिवणकामाला कोणी येत नाही. पण मशीन येतात, दरवर्षी नवीन.

फ्रिज-एसीच्या वर्गात फ्रिज एकच होता. एका दाराचा, निळा, दोन ठिकाणी गंजलेला, आणि बंद. त्याच्या दारावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून एक कागद चिकटवलेला होता: ‘कृपया दुरुस्त करू नये. – दुरुस्ती विभाग.’

यात काही हसण्यासारखं आहे असं त्या इमारतीत कोणालाही वाटत नव्हतं. कारण साधं होतं. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल असायचं. बाहेरून परीक्षक यायचे, ते विद्यार्थ्याला फ्रिजमागे पाठवायचे आणि बिघाड कोणता ते विचारायचे. त्याला बिघडलेला फ्रिज लागतो. सरकारने एकच दिला होता, तो बिघडलेलाच आला होता, आणि एवढी सोय पुन्हा होणार नाही हे विभागप्रमुख चंद्रप्रकाश सरांना कळत होतं. त्यांनी त्याला जपला.

त्याचा बिघाड म्हणजे रिले. कॉम्प्रेसरच्या कुशीत काडेपेटीएवढा एक भाग बसवलेला असतो. मोटार सुरू होताना तिला ढकलायचं काम त्याचं. तो गेला की मोटार ‘गुं’ करते, ‘टक’ करते आणि गप्प बसते. हे उत्तर एका बॅचकडून दुसरीकडे जायचं, जशी काही घरांत मोदकाच्या पाकळ्या काढायची रीत सासूकडून सुनेकडे जाते. प्रवेश घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात, अजून फ्रिजची मागची बाजूही न बघितलेल्या मुलाला जिन्यात कोणीतरी सीनियर गाठून सांगायचा, “रिले. लक्षात ठेव. बाकी काही विचारत नाहीत.”

या कॉलेजात श्रुतिका सावंत आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बारावीला तिला गुण असे पडले होते की अभिनंदन करावं की सांत्वन, हे नातेवाइकांना ठरवता येईना. शेवटी ते पेढे खाऊन गप्प बसले. तिला स्वतःला मात्र काही अडचण वाटली नाही. आत्मविश्वास हा तिचा जन्मापासूनचा आजार होता आणि घरच्यांनी त्यावर उपचार सोडून दिले होते. पहिल्याच दिवशी चंद्रप्रकाश सरांनी विचारलं, “या क्षेत्रात का यावंसं वाटलं?” बाकीच्यांनी रोजगार, संधी वगैरे सांगितलं. ती म्हणाली, “सर, मुंबई दरवर्षी अजून तापतेय. धंदा चांगला आहे.”

वर्ग आठ जणांचा होता. वर्षभरात श्रुतिका त्यातली सगळ्यात बरी ठरली, आणि एप्रिलमध्ये मुलुंडच्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीने तिला बोलावून मुलाखत घेतली. काम पक्कं होतं. अट एकच: मेमधलं प्रॅक्टिकल पास झाल्याचा कागद घेऊन पहिल्या तारखेला हजर व्हायचं. नापास झाली तर पुढचं प्रॅक्टिकल दिवाळीनंतर, आणि कंपनी तोवर कोणासाठी थांबणार नव्हती. तिथले साहेब म्हणालेच होते, “आमच्याकडे कोळंबी थांबते, माणसं नाही.”

आता कोणीही शहाणं माणूस अशा वेळी ‘रिले’ हा शब्द पाठ करून गप्प बसलं असतं.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी वर्ग सुटल्यावर हर्षद डबा विसरला म्हणून परत आला, तर श्रुतिका फ्रिजमागे मांडी घालून बसलेली. बाजूला स्क्रू, एक नवीन रिले आणि एक जुना.

“श्रुते, काय करतेयस?”

“रिले बदलतेय.”

“का?”

“गेलाय ना.”

“तो गेलेलाच असतो गं,” हर्षद म्हणाला. तो अठराचा होता आणि जगाची घडी बसलेली आहे असं मानणारा होता. “तो तसाच असतो.”

“वर्षभर आपण बोंबलतोय, रिले गेलाय, रिले गेलाय. एकाने तरी बदलून बघितला? समजा बदलला आणि तरी चालू नाही झाला, तर? म्हणजे बिघाड दुसराच आहे.”

“असू दे. उत्तर तर तेच आहे.”

श्रुतिकाने त्याच्याकडे बघितलं, नवीन रिले बसवला, मग प्लग लावला. फ्रिज आधी थरथरला, घसा साफ केल्यासारखं काहीतरी केलं आणि चालू झाला. हर्षद दोन पावलं मागे सरकला. एका बाजूला त्याला आनंद झाला होता आणि दुसऱ्या बाजूला देवळात चप्पल घालून गेल्यासारखं वाटत होतं.

“यार, हा चालतो,” तो म्हणाला.

“फ्रिज आहे तो. चालणारच.”

“पण कागद?”

“तो इतरांसाठी आहे.”

फ्रिजच्या आत चंद्रप्रकाश सरांची छत्री, खडूचं खोकं आणि जुनी हजेरीपत्रकं होती. सर तो कपाट म्हणून वापरत. श्रुतिकाने दार लावून घेतलं आणि मन भरेपर्यंत त्याचा आवाज ऐकत बसली. तिचा बेत साधा होता: थोडा वेळ चालवायचा, खात्री करायची, जुना रिले परत घालायचा आणि घरी जायचं. पण तेवढ्यात वॉचमन कुलूप लावायला आला, आणि वॉचमनला थांबवण्याइतका आत्मविश्वास कम्युनिटीत कोणाकडेच नव्हता. जुना रिले पिशवीत टाकून ती निघाली, घाईत प्लग तसाच राहिला. सोमवारी लवकर येऊन घालू.

घरी तिने आईला सांगितलं. प्रेमाबाई देवगडच्या. नाहूरला पंचवीस वर्षं काढूनही रागावताना आणि लाड करताना त्या मालवणीवर यायच्या.

“मोडलला नीट केलंस, तर सर वरडतले कित्याक?” त्या म्हणाल्या.

“आई, त्यांना मोडलेलाच हवाय.”

प्रेमाबाईंनी यावर बराच विचार केला. “आणि ह्या कॉलेज सरकारी आसा?”

“हो.”

“मगे बराबर आसा,” म्हणून त्या भात बघायला गेल्या.

सोमवारी श्रुतिका लवकर गेली खरी, पण बेकरीवाले तिच्याही आधी आले होते. त्यांचंही प्रॅक्टिकल त्याच दिवशी दुपारी होतं. रविवारी त्यांच्या पद्मजा मॅडम तयारीला आल्या होत्या आणि खडू घ्यायला म्हणून त्यांनी फ्रिज उघडला, तर खडू गार. छत्रीही गार. त्यांनी छत्री बाहेर ठेवली आणि क्रीम आत ठेवलं.

यामागे बेकरी विभागाचं जुनं दुःख होतं. त्यांना सरकारने ओव्हन दिला होता, फ्रिज दिला नव्हता. क्रीम टिकवायला त्या खालच्या मंडईतून बर्फ आणायच्या, आणि मंडईतला बर्फ कुठे कुठे बसून येतो ते सांगायला नको. गेल्या वर्षीच्या ब्लॅक फॉरेस्टला सुरमईचा वास होता. परीक्षकांनी त्याला ‘वेगळा फ्लेवर’ असा शेरा मारून गुण दिले होते, पण पद्मजा मॅडमना त्या रात्री झोप लागली नव्हती.

चंद्रप्रकाश सर आले. त्यांनी आधी भिंतीला टेकवलेली छत्री बघितली, मग आवाज ऐकला. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसले.

“कोणी केलं?”

“मी, सर,” श्रुतिका म्हणाली.

“चालतोय?”

“एकदम झकास, सर.”

“वाट लागली,” सर म्हणाले.

श्रुतिकाने पिशवीतून जुना रिले काढला. “सर, दोन मिनिटांचं काम आहे. परत घालते.”

“घाल.”

पण फ्रिजसमोर पद्मजा मॅडम उभ्या होत्या, आणि त्या बाजूला होईनात.

“या फ्रिजला हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “आत माझं क्रीम आहे. मासे न लागलेलं. माझ्या मुलींनी असं क्रीम पहिल्यांदा बघितलंय, दोघी तर बघायला परत आल्या.”

“मॅडम, तासाभराचा प्रश्न आहे,” चंद्रप्रकाश सर म्हणाले. “दार बंद ठेवलं तर तासाभरात काय होतंय?”

“सर, तुमचा तास मला माहीत आहे. गेल्या वर्षी तासाभराचं तुमचं प्रॅक्टिकल चहा-नाश्त्यासकट तीनला संपलं. मे महिना आहे. तीनपर्यंत माझ्या क्रीमचं ताक होईल.”

“परीक्षा आहे हो.”

“आमची काय हळदीकुंकू आहे?”

सर वर्गाबाहेर आले. त्यांनी आठही जणांना पॅसेजमध्ये गोळा केलं आणि घरातला मोठा माणूस वाटणीच्या वेळी बोलतो तसं हळू आवाजात बोलले.

“हे बघा. फ्रिज चालू आहे हे आपल्याला माहीत आहे. परीक्षेला ते माहीत नाही. पेंढुरकर साहेब पंख्याखाली बसतात, फ्रिजकडे पाठ करून. आठ वर्षं तिथेच बसतात. तुम्ही मागे जा, मीटर लावा, रिले म्हणा आणि या.”

“आणि आवाज, सर?” हर्षदने विचारलं.

“पंखाही आवाज करतो.”

सगळ्यांना पटलं. श्रुतिकालाही पटलं. अगदी खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तिलाच पटलं, कारण पहिली तारीख तिचीच जवळ आली होती. तरी निलेशदादाने तिला बाजूला घेतलंच. निलेशदादा चाळिशीचा. आधी कुरिअर, मग सिक्युरिटी, मग केटरिंग करून तो इथे आला होता, आणि वर्गात तोच एक असा होता की ज्याला घरून डब्यासोबत मुलांचा गृहपाठही यायचा.

“श्रुतिका, हिरोगिरी नको हां,” तो म्हणाला. “दिंडोशीला मेव्हण्याचं रिपेअरचं दुकान आहे. सर्टिफिकेट भिंतीला लागल्याशिवाय मला आत बसू देत नाही तो. वर्षभर बाहेरच्या स्टुलावर बसवलंय. गिऱ्हाईक मला पाणी आण म्हणून सांगतात.”

“दादा, मी रिलेच म्हणणार आहे.”

“शपथ?”

“अरे, मला पण नोकरी हवीये.”

पेंढुरकर साहेब आले. मधुकर पेंढुरकर, तिन्ही कोर्सचे परीक्षक. खर्च वाचावा म्हणून तिन्हींना एकच माणूस नेमलेला होता. सकाळी ते रिले ऐकायचे, दुपारी केक खायचे आणि संध्याकाळी शिवणकामाच्या रिकाम्या वर्गात जाऊन ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहायचे. ते पंख्याखाली बसले, फ्रिजकडे पाठ केली, चहा आला, वडा आला आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला हर्षद. तो मागे गेला, मीटरच्या वायरी दोन ठिकाणी टेकवल्या आणि समोर येऊन उभा राहिला.

“काय बिघाड आहे?”

“सर, रिले गेलाय.”

“कशावरून?”

“सर, कॉम्प्रेसर चालू होत नाहीये,” हर्षद म्हणाला. हे त्याला जरा मोठ्याने म्हणावं लागलं, कारण कॉम्प्रेसर चालू होता.

पेंढुरकर साहेबांनी टिक केली.

दुसऱ्याने सांगितलं की ‘गुं’ असा आवाज येतो आणि लगेच बंद होतो. त्याचं बोलून झालं, त्याची टिक झाली, तो बाहेर गेला, तरी गुं चालूच होतं. तिसऱ्याने सवयीने दाराला हात टेकला आणि “बापरे, गार आहे” म्हणून गेला. साहेबांनी मान वर केली. “म्हणजे व्हायला पाहिजे, सर,” तो म्हणाला. “होत नाहीये.” त्याला एक गुण कमी मिळाला, मराठी बरी नाही म्हणून. निलेशदादाने तर इतक्या दुःखी चेहऱ्याने रिले गेल्याचं सांगितलं की साहेबांनी त्याला वडा देऊ केला. मेव्हण्याच्या दुकानाबाहेरच्या स्टुलाचं दुःख होतं ते, पण रिलेच्या खात्यावर जमा झालं.

सातही जण झाले. श्रुतिका शेवटची.

ती फ्रिजमागे गेली. जीभ ‘रि’वर तयार ठेवली. मीटर लावायची गरजच नव्हती, पण तिने लावला, कारण मीटर लावल्याशिवाय बोलायचं नाही हे वर्षभर अंगात मुरलं होतं. आकडे बरोबर आले. सगळेच. मोटारीचे, मोटार तापली की वीज तोडणाऱ्या ओव्हरलोडचे, रिलेचे. तिने हात लावून कॉम्प्रेसर बघितला. बेताचा गरम, धडधड एकसारखी. एवढा ठणठणीत फ्रिज तिने दुकानातही बघितला नव्हता. ती समोर आली.

“काय बिघाड आहे?”

“सर,” श्रुतिका म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं, “बिघाड नाही.”

दारात कान लावून उभ्या असलेल्या निलेशदादाने कपाळाला हात लावला.

“नीट बघ,” पेंढुरकर साहेब म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. “घाई नाही.”

“बघितलं, सर.”

“रिले?”

“नवीन आहे. शनिवारी मीच घातला.”

चंद्रप्रकाश सर छताकडे बघू लागले. छतावर एक पाल होती, तिने त्यांच्याकडे बघितलं. पेंढुरकर साहेबांनी कप खाली ठेवला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची फिरवली. ऐकलं. उठले, दार उघडलं, बोट लावलं.

“यात क्रीम आहे.”

“हो सर. दुपारी तुम्हीच खाणार आहात.”

ते परत येऊन बसले. बराच वेळ त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं आणि घातलं.

“हे बघ, मुली. तू बरोबर असशील तर हे सातजण चुकले. हे बरोबर असतील तर तू चुकलीस. माझ्या कागदावर नावं आठ आहेत आणि बिघाड एक छापलेला आहे. रिले. मी काही तो छापला नाही. तुला नक्की काय हवंय?”

“पास व्हायचंय, सर. मला पण आणि ह्यांना पण.”

“मग रिले म्हण. मी काही ऐकलं नाही असं समजतो.”

आता बोलायला हवं होतं. श्रुतिकालाही कळत होतं. एक शब्द, तोही पाठ असलेला. पॅसेजमधून निलेशदादा हातवारे करून सांगत होता. तिने तोंड उघडलं.

“नाही जमत, सर. चालू फ्रिजला बंद कसा म्हणू? पहिल्या तारखेपासून मला कोल्ड स्टोरेजला लागायचंय. तिथे असं उलटं बोलले तर टनांनी माल सडेल.”

“तिथे नको बोलूस.”

“सवय लागते, सर.”

पेंढुरकर साहेबांनी वर पंख्याकडे बघितलं. सवयीबद्दल त्यांनाही थोडीफार कल्पना असावी.

“त्यापेक्षा तुम्ही बिघडवा,” श्रुतिका म्हणाली. “तुम्हाला हवं ते करा. आम्ही बाहेर थांबतो. मग आठही जण परत परीक्षा देतो.”

“आठही जण?” पॅसेजमधून निलेशदादाचा आवाज आला. “आम्ही कधी म्हटलं?”

“दादा, तू वर्षभर शिकलायस ना?”

“शिकलोय गं. पण परीक्षेत विचारतील असं कोणी सांगितलं नव्हतं.”

पेंढुरकर साहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं. सुट्टी लागल्याचं कळल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर होतं तसं. “आधी बेकरी घ्या,” ते म्हणाले. “फ्रिज रिकामा करा.”

बेकरीची परीक्षा तासाभर आधी झाली, आणि पद्मजा मॅडमच्या मुलींनी ओव्हनच्या आणि मे महिन्याच्या नाकावर टिच्चून क्रीमच्या अशा कळ्या काढल्या की खालच्या कोळणी जिना चढून बघायला आल्या. पेंढुरकर साहेबांनी प्रत्येक केकचा तुकडा खाल्ला. पहिल्यानंतर ते जरा थांबले.

“वास नाही,” ते म्हणाले.

“नाही, सर,” पद्मजा मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“हं. सवय झाली होती,” म्हणून त्यांनी चांगले गुण दिले, पण गेल्या वर्षीपेक्षा जास्त नाहीत.

मग ते फ्रिजच्या वर्गात गेले. चंद्रप्रकाश सरांनी त्यांना सुट्या भागांचा एक बिस्किटाचा डबा दिला. जुना थर्मोस्टॅट, जुना ओव्हरलोड, श्रुतिकाने सकाळी टाकलेला तो जुना रिले, वायरींचे तुकडे. साहेबांनी सरांनाही बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग शीळ. मग परत काहीतरी पडलं. पॅसेजमध्ये आठही जण एका ओळीत उभे होते आणि प्रत्येकजण मनातल्या मनात वर्षभराची वही उलटत होता.

“काय केलं असेल?” हर्षद म्हणाला.

“काहीही करू दे,” निलेशदादा म्हणाला, “पण एक गोष्ट नक्की. रिले नाही.”

यावर एकमत झालं. एवढा तमाशा झाल्यावर, एवढ्या हट्टाने नवा बिघाड मागितल्यावर कोण रिलेला हात लावेल?

दार उघडलं. साहेबांची बाही काळी झाली होती, केसांत जळमट होतं आणि ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. “या,” ते म्हणाले.

हर्षदने थर्मोस्टॅट सांगितला. कशावरून, तर मनाचा कौल. दुसऱ्याने कॅपॅसिटर सांगितला. त्या फ्रिजला कॅपॅसिटर नव्हता. एकाने सरळ ‘वीजपुरवठा’ असं सांगून सरकारवर ढकललं. निलेशदादाने मात्र जीव ओतला. गॅस गळतोय म्हणून त्याने साबणाचं पाणी करून प्रत्येक नळीला लावलं. फुगा एकही आला नाही, पण फ्रिज मागून असा स्वच्छ पूर्वी कधीच झाला नव्हता. बाहेर येऊन तो भिंतीला टेकून बसला. “स्टूल,” तो म्हणाला. “आयुष्यभर स्टूल.”

श्रुतिका आत गेली. तीही याच खात्रीने गेली होती की रिले सोडून काहीही असेल. पण कुठून सुरू करायचं, तर पहिल्यापासून. तिने आधी सॉकेट तपासलं. ठीक. थर्मोस्टॅट ठीक. प्लग लावून ऐकलं: गुं, टक, गप्प. प्लग काढला. ओव्हरलोड ठीक. मोटारीच्या तिन्ही पिनांवर आकडे बरोबर. आता एकच गोष्ट उरली, आणि ती असणं शक्य नव्हतं. तिने रिले उपसून काढला, कानाशी नेला आणि हलवला. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. तिने परत हलवला. तीच खुळखुळ.

तिने मागूनच डोकं वर काढून साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते, फारच लक्ष देऊन.

“सर, रिले गेलाय.”

“मगाशी तर नाही म्हणालीस.”

“मगाशी नव्हता गेला.”

पेंढुरकर साहेब हसले. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. “मला तेवढाच घालता येतो,” ते म्हणाले. “बाकीचं विसरलो बघ.”

पॅसेजमध्ये बातमी पोहोचली. मग हर्षद म्हणाला, “रिले? तो तर आमचा पाठ होता.”

आता गुणांचा प्रश्न होता. साहेब कागद पुढ्यात घेऊन बसले. बिघाडाचे नाव: रिले. विद्यार्थ्याने ओळखला का: हो किंवा नाही. कधी ओळखला, कोणत्या फ्रिजमध्ये, तेव्हा तो खरंच गेला होता का, असे रकाने त्यात नव्हते.

“आज या आठही जणांनी एकदा तरी रिले म्हटलंय?” त्यांनी विचारलं.

“म्हटलंय, साहेब,” चंद्रप्रकाश सर अशा गतीने म्हणाले की वाक्य संपायच्या आत उत्तर आलं.

“मग माझ्या कागदाला काही हरकत दिसत नाही.” त्यांनी श्रुतिकाकडे बघितलं. “तुझी आहे?”

सातही जणांनी तिच्याकडे बघितलं. या मुलीचं काही सांगता येत नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं. निलेशदादाने तर हात जोडूनच ठेवले होते, कोणाला ते कळू नये म्हणून छातीशी.

“आहे थोडी,” श्रुतिका म्हणाली. “सही करायच्या आधी यांना तो कानाशी हलवू दे, सर. वर्षभर नाव घेतलं, आवाज एकानेही ऐकला नाही.”

“आणि गेलेला नसेल तो कसा वाजतो?” साहेबांनी विचारलं.

“वाजतच नाही.” तिने डब्यातून शनिवारचा नवा रिलेही काढून पुढे ठेवला.

मग वर्गात एक विचित्र देखावा झाला. आठ जण, दोन सर आणि दारातून डोकावणाऱ्या पद्मजा मॅडम, अशी सगळी माणसं काडेपेटीएवढी वस्तू एकमेकांकडे देत कानाशी धरून हलवत होती. आधी एक, मग दुसरी. निलेशदादाने दोन्ही तीन-तीनदा ऐकल्या. मग डोळे मिटून हर्षदला म्हणाला, “कुठलाही दे.” हर्षदने दिला. “गेलाय,” निलेशदादा म्हणाला. हर्षदने दुसरा दिला. “हा चांगला.” परत पहिला. “गेलाय. अरे, हे तर मला अंधारात पण कळेल.” तो एवढ्या जोरात म्हणाला की खालच्या मंडईतून कोणीतरी विचारलं, काय गेलंय.

साहेबांनी सह्या केल्या. आठही पास. सगळ्यात कमी गुण श्रुतिकाला मिळाले. पहिल्या फेरीतल्या ‘बिघाड नाही’ या उत्तराला छापील कागदात जागाच नव्हती, त्यामुळे तिथे शून्य धरावं लागलं आणि तिच्या दोन फेऱ्यांची सरासरी निघाली. बाकीच्यांची टिक पहिल्याच फेरीत झाली होती, त्यांची दुसरी फेरी कागदाने धरलीच नाही. ती काठावर पास झाली. तिने कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, “सर, पास म्हणजे पास ना?”

“पास म्हणजे पास.”

“मग ठीक आहे.”

नवा रिले निलेशदादाने बसवला. कोणी सांगितलं नव्हतं. चंद्रप्रकाश सर “अहो, पुढच्या बॅचचं काय?” म्हणत होते, पण पेंढुरकर साहेब त्यांना हाताला धरून शिवणकामाच्या वर्गाकडे घेऊन गेले. पुढच्या वर्षी आपण थर्मोस्टॅटचं पण शिकून येऊ, असं काहीतरी ते सांगत होते.

श्रुतिकाने जिन्यातूनच मुलुंडच्या कंपनीला फोन लावला.

“पास झाले, सर.”

“किती टक्के?” तिकडून साहेबांनी विचारलं.

“काठावर.”

“चालू फ्रिज आणि बंद फ्रिज यातला फरक कळतो ना?”

“तेवढाच कळतो, सर. त्यानेच काठावर आले.”

“बरं. पहिल्या तारखेला सकाळी या. आणि स्वेटर आणा. आत उणे अठरा असतं.”

स्वेटर तिच्याकडे नव्हता. मुंबईत जन्मलेल्या माणसाकडे कशाला असेल? संध्याकाळी ती भांडुपच्या बाजारात गेली. दुकानदार पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने माळ्यावर चढून, शिंकत, धूळ झटकत लोकरीचा एक जाड स्वेटर काढून दिला. श्रुतिकाने तो तिथेच अंगात घालून बघितला, बाह्या ओढल्या, हात वर-खाली करून पाना फिरवता येतो का तेही बघितलं. दुकानदार पुठ्ठा थांबवून बघत राहिला.

“काश्मीरला चाललात काय, मॅडम?”

“नाही,” श्रुतिका म्हणाली. “मुलुंडला.”